किंमत शेवटी कळते

अमेरिकेत ज्या घरात बारावीतलं मूल असतं, त्या घरात मार्चचा उत्तरार्ध जड जातो. अर्ज जानेवारीच्या सुरुवातीलाच गेलेले असतात. निबंध, शिफारसपत्रं, गुणपत्रिका सगळं हातावेगळं झालेलं असतं आणि करण्यासारखं काही उरलेलं नसतं. राज्याच्या विद्यापीठांची उत्तरं एकेक करून येत राहतात. महिन्याच्या अखेरीस आयव्ही लीगची आठही विद्यापीठं बहुतेक वर्षी एकाच संध्याकाळी निकाल जाहीर करतात.

मुलांना एकाच प्रश्नाचं उत्तर हवं असतं: घेतलं की नाही? आईवडिलांना दोन उत्तरं हवी असतात. घेतलं का, आणि घेतलं असेल तर आपल्याला किती पडणार? दुसरं उत्तर कधी पहिल्याबरोबर येतं, कधी काही दिवसांनी. बहुतेक कॉलेजांना १ मेपर्यंत होकार कळवून अनामत रक्कम भरावी लागते. म्हणजे घराखालोखाल आयुष्यातल्या सर्वांत मोठ्या खर्चाचा निर्णय अनेक कुटुंबं चार-पाच आठवड्यांत घेतात.

भाजीपासून मोटारीपर्यंत जवळपास प्रत्येक गोष्टीची किंमत आपण आधी विचारतो आणि मग घ्यायची की नाही ते ठरवतो. अमेरिकन कॉलेजात हा क्रम उलटा आहे. आधी मूल मन गुंतवतं, अर्ज करतं, निवडलं जातं आणि सर्वांत शेवटी किंमत कळते. हा कुणाच्या आळसाचा परिणाम नाही. व्यवस्थेची घडणच तशी आहे. या अनिश्चिततेची स्वतःची एक किंमत असते आणि ज्यांच्याकडे पैसे कमी, त्यांनाच ती जास्त मोजावी लागते. या प्रकरणात ती घडण कशी झाली आणि ती बदलता येते याचे पुरावे कोणते, ते पाहू.

छापील किंमत आणि खरी किंमत

२०२४-२५ या वर्षी अमेरिकेतल्या खासगी, ना-नफा तत्त्वावरच्या चार वर्षांच्या कॉलेजांची सरासरी जाहीर फी ४३,३५० डॉलर होती. त्याच वर्षी अनुदानं वजा जाता पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना सरासरी फी पडली ती सुमारे १६,५०० डॉलर. राहणं-जेवण, पुस्तकं, प्रवास धरून काही नामांकित कॉलेजांचा वर्षाचा छापील खर्च ९०,००० डॉलरच्या पुढे गेला, आणि त्याच कॉलेजांत काही मुलं जवळजवळ फुकट शिकत होती. एका वर्गात शेजारी बसणाऱ्या दोन मुलींच्या घरून जाणाऱ्या रकमांमध्ये दहापटीचा फरक असू शकतो.

यामागचा मूळ हेतू चांगला आहे. ज्याला परवडतं त्याने जास्त द्यावं, म्हणजे ज्याला परवडत नाही त्याचं मूलही आत येईल. पण त्यासाठी प्रत्येक घराची ऐपत मोजावी लागते. ती मोजायची तर घराचा हिशेब उघडा करावा लागतो, आणि हिशेब तपासून आकडा ठरेपर्यंत वाट पाहावी लागते.

शिवाय मदतीचे दोन प्रकार एकाच पत्रात मिसळलेले असतात. एक गरजेनुसार मिळणारी मदत, दुसरी गुणवत्तेच्या नावाने मिळणारी सवलत. दुसऱ्या प्रकारात कॉलेजचा स्वतःचा हिशेबही असतो. चांगले गुण असलेलं, उरलेली फी भरू शकणारं मूल आपल्याकडे यावं म्हणून पंधरा-वीस हजारांची सवलत दिली जाते. पालकांना ते बक्षीस वाटतं. कॉलेजच्या दृष्टीने ते गिऱ्हाईक बांधून घेणंही असतं.

ऐपत मोजण्याची सुरुवात

दुसऱ्या महायुद्धापर्यंत अमेरिकेत कॉलेज ही मुख्यतः सुखवस्तू घरांची गोष्ट होती. जून १९४४ मध्ये राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी माजी सैनिकांसाठीच्या ‘जीआय बिल’वर सही केली आणि लाखो सैनिक सरकारी खर्चाने वर्गात येऊन बसले. कॉलेज सामान्य घरांच्या आवाक्यात येऊ शकतं, हे देशाने पाहिलं.

पुढच्या दशकात चांगल्या विद्यार्थ्यांसाठी कॉलेजांमध्ये शिष्यवृत्त्यांची चढाओढ लागली. हुशार मुलांवर बोली लागत होती, मग त्यांना गरज असो वा नसो. हार्वर्डमध्ये आर्थिक मदतीचं काम पाहणाऱ्या जॉन मन्रो यांनी कुटुंबाचं उत्पन्न आणि जबाबदाऱ्या पाहून ते किती देऊ शकेल हे काढण्याचं सूत्र मांडलं. त्याच विचारावर १९५४ मध्ये कॉलेज बोर्डाने कॉलेज स्कॉलरशिप सर्व्हिस सुरू केली. आजही अनेक खासगी कॉलेजं मागतात तो ‘सीएसएस प्रोफाइल’ हा फॉर्म त्याच सेवेचा वारस आहे.

८ नोव्हेंबर १९६५ रोजी लिंडन जॉन्सन यांनी उच्च शिक्षण कायद्यावर सही केली. त्यासाठी त्यांनी वॉशिंग्टनऐवजी टेक्सासमधल्या सॅन मार्कोसचं आपलं जुनं कॉलेज निवडलं. तिथे शिकताना पैसे संपले म्हणून त्यांनी मध्येच वर्षभर कोटुल्ला गावात मेक्सिकन वंशाच्या गरीब मुलांच्या शाळेत शिक्षकाची नोकरी केली होती. फीसाठी शिक्षण थांबणं काय असतं, हे त्यांना माहीत होतं. या कायद्यातून सरकारी कर्जहमी आणि अनुदानांची चौकट उभी राहिली. १९७२ मध्ये थेट विद्यार्थ्याला मिळणारं केंद्रीय अनुदान आलं. १९८० मध्ये त्याला सिनेटर क्लेबॉर्न पेल यांचं नाव मिळालं. हे पेल अनुदान सत्तरच्या दशकाच्या मध्यात सरकारी विद्यापीठातल्या वर्षाच्या खर्चाचा सुमारे तीन चतुर्थांश भाग भागवत असे. २०२४-२५ मध्ये त्याची कमाल मर्यादा होती ७,३९५ डॉलर, आणि त्यात त्याच खर्चाचा एक तृतीयांश भागही निघत नव्हता. मधली दरी आईवडिलांच्या बचतीने आणि कर्जाने भरली जाते. मार्चमधल्या पत्राला एवढं वजन आलं ते यामुळे.

एक प्रकरण मात्र पालकांच्या बाजूने गेलं. पन्नासच्या दशकाच्या अखेरीपासून आयव्ही लीगची विद्यापीठं आणि एमआयटी दर वसंतात एकत्र बसून, एकाहून अधिक ठिकाणी निवडल्या गेलेल्या मुलांच्या मदतीचे आकडे जुळवून घेत. त्यामुळे कुठूनही पत्र आलं तरी कुटुंबाला पडणारी रक्कम जवळपास सारखीच असे. १९९१ मध्ये न्याय खात्याने हा स्पर्धाविरोधी कट असल्याचा दावा लावला. आयव्ही विद्यापीठांनी पद्धत सोडून दिली. एमआयटी मात्र न्यायालयात लढली. आकडे जुळवले नाहीत तर पैसा गरजूंकडून काढून श्रीमंत घरच्या हुशार मुलांकडे वळेल, असं तिचं म्हणणं होतं. त्या म्हणण्यात तथ्य होतं. तरीही एकत्र बसून आकडे जुळवणं थांबलं, आणि एकाच घराला पाच कॉलेजांकडून पाच वेगळे आकडे येऊ लागले. म्हणूनच आज पत्रं शेजारी ठेवून तुलना करण्याला आणि फेरविचार मागण्याला अर्थ आहे.

घराचा हिशेब, दोन वर्षांपूर्वीचा

सरकारी मदतीसाठी भरायचा फॉर्म म्हणजे ‘फॅफ्सा’. तो मोफत आहे. त्यातून एक निर्देशांक निघतो आणि त्यावर केंद्र सरकारची, राज्याची आणि बऱ्याच कॉलेजांची मदत ठरते. आईवडिलांच्या उत्पन्नातून कर आणि जगण्यापुरता खर्च वजा केला जातो. उरलेल्या रकमेतला २२ ते ४७ टक्के भाग शिक्षणाला देता येईल, असं धरलं जातं. आईवडिलांच्या बचतीचा फार तर ५.६४ टक्के भाग मोजला जातो; मुलाच्या नावावरच्या बचतीचा मात्र २० टक्के. राहतं घर आणि निवृत्तीसाठी साठवलेले पैसे फॅफ्सात धरत नाहीत. सीएसएस प्रोफाइल मागणारी अनेक कॉलेजं घराची किंमतही विचारात घेतात. एकाच कुटुंबाची ऐपत दोन फॉर्मांत वेगळी दिसते ती अशी.

सर्वांत जास्त त्रास देणारी गोष्ट काळाची आहे. २०२५ च्या शरद ऋतूत कॉलेज सुरू करणाऱ्या मुलासाठी आईवडिलांचं २०२३ चं उत्पन्न पाहिलं गेलं. करविवरण तयार असावं म्हणून ही सोय आहे. पण २०२४ मध्ये ज्याची नोकरी गेली, ज्याच्या घरात मोठं आजारपण आलं, जी आई घटस्फोटानंतर एकटीच्या पगारावर आली, त्यांचं आजचं घर त्या आकड्यांत दिसतच नाही. कायद्याने कॉलेजच्या मदत अधिकाऱ्याला परिस्थिती पाहून आकडे बदलण्याचा अधिकार दिलेला आहे. नोकरी गेल्याचं पत्र, हॉस्पिटलची बिलं, नवी पगारपत्रकं जोडून लेखी विनंती करता येते. हा हक्क आहे, उपकार नव्हे. तरी अनेक पालक संकोचाने गप्प राहतात. ‘मागितलं तर प्रवेश काढून घेतील’ अशी भीती त्यांना वाटते. प्रवेश देऊन झाल्यावर मदतीचा फेरविचार मागितला म्हणून तो काढून घेतला जात नाही.

२०२४ चा वसंत

अनिश्चिततेची किंमत किती असते, ते २०२४ साली साऱ्या देशाला दिसलं. फॅफ्सा सोपा करण्याचा कायदा २०२० च्या डिसेंबरात मंजूर झाला होता. शंभराहून अधिक प्रश्नांचा फॉर्म अनेकांसाठी वीस-पंचवीस प्रश्नांवर येणार होता. एरवी १ ऑक्टोबरला खुला होणारा फॉर्म त्या वर्षी डिसेंबर २०२३ च्या अगदी शेवटी उघडला, तोही दिवसातून थोडा वेळ. महागाईनुसार बदलायचे आकडे सूत्रात बदलले नव्हते. ते दुरुस्त करण्यात आणखी आठवडे गेले. कॉलेजांकडे माहिती पोचायला मार्च उजाडला. ज्यांच्या आईवडिलांकडे सोशल सिक्युरिटी क्रमांक नव्हता, त्यांना फॉर्म पुराच करता येईना. पहिल्या पाच महिन्यांत मदतवाहिनीवर आलेल्या फोनपैकी जवळपास तीन चतुर्थांश उचललेच गेले नाहीत, असं सरकारी लेखापरीक्षणात पुढे आलं.

अनेक कॉलेजांनी १ मेची मुदत १५ मे किंवा १ जूनपर्यंत पुढे ढकलली. ज्या घरांना मदतीची गरज नव्हती, त्यांनी वेळेत होकार कळवला. ज्यांना गरज होती, ती आकडा नसताना ठरवायचं कसं म्हणून थांबून राहिली. व्यवस्थेतली चूक सगळ्यांच्या वाट्याला सारखी येत नाही, हे त्या वसंताने दाखवलं. त्यानंतर दरवर्षी १ ऑक्टोबरपर्यंत फॉर्म खुला करण्याचं बंधन घालणारा कायदा झाला.

पत्र वाचायचं कसं

आकडा आला तरी तो समजेल याची खात्री नसते. २०२४ च्या पद्धतीचं एक पत्र कल्पून पाहू. वर्षाचा खर्च ८८,००० डॉलर. खाली मदत म्हणून चार ओळी: कॉलेजचं अनुदान ४२,०००, विद्यार्थ्याचं सरकारी कर्ज ५,५००, कॅम्पसवर काम करून मिळू शकणारे २,५००, पालकांचं ‘पेरेंट प्लस’ कर्ज ३८,०००. बेरीज ८८,०००. तळाशी शिल्लक शून्य.

घाईत वाचणाऱ्याला वाटेल, सगळी सोय झाली. प्रत्यक्षात भेट फक्त ४२,००० ची आहे. उरलेले ४६,००० डॉलर या घराचे जाणार आहेत: काही मुलाच्या कमाईतून, काही त्याच्या डोक्यावरच्या कर्जातून आणि सर्वांत मोठा भाग आईवडिलांच्या कर्जातून. २०२४-२५ मध्ये पेरेंट प्लस कर्जाचा व्याजदर ९.०८ टक्के होता. १ जुलै २०२६ पासून नव्याने कर्ज घेणाऱ्या पालकांसाठी वर्षाला २०,००० आणि एका मुलामागे एकूण ६५,००० डॉलरची मर्यादा ठरवण्यात आली आहे. त्यामुळे हा मार्ग अरुंद झाला, पण दरी तेवढीच राहिली.

न्यू अमेरिका आणि यूअॅस्पायर या संस्थांनी २०१८ मध्ये हजारो मदतपत्रं तपासली. एकाच प्रकारच्या सरकारी कर्जासाठी कॉलेजांनी १३६ वेगवेगळी नावं वापरली होती, आणि त्यांतल्या २४ नावांत ‘लोन’ हा शब्दच नव्हता. २०२२ च्या सरकारी लेखापरीक्षण अहवालाचा अंदाज तर असा की, ९१ टक्के कॉलेजं कुटुंबाला खरोखर पडणारी रक्कम एक तर सांगत नाहीत किंवा कमी करून सांगतात.

म्हणून प्रत्येक पत्रावर पालकांनी स्वतःच एक वजाबाकी करावी: एकूण खर्चातून फक्त परत न करायची रक्कम वजा. मग तीन गोष्टी लेखी विचाराव्यात. हे अनुदान चारही वर्षं मिळणार का? ते टिकवायला किती गुण लागतात? फी वाढली तर अनुदानही वाढणार का? पहिल्या वर्षी भरघोस आणि दुसऱ्या वर्षी आटलेली मदत हा अनेक घरांचा अनुभव आहे.

आपल्या माणसांची दोन प्रकारची वाट

मराठी कुटुंबांत ही वाट पाहण्याचे दोन वेगळे प्रकार दिसतात. न्यू जर्सीत, टेक्सासमध्ये, कॅलिफोर्नियात नोकरीच्या व्हिसावर राहणाऱ्या घरांतली मुलं तिथल्याच शाळांत वाढतात. पण ग्रीन कार्ड हाती नसेल, तर त्यांना केंद्र सरकारची मदत मिळत नाही, आणि भारतीयांसाठी ग्रीन कार्डची रांग फार लांब आहे. काही राज्यं अशा मुलांना स्थानिक फी लावतात, काही लावत नाहीत. एकविसाव्या वर्षी आईवडिलांच्या व्हिसावरचं मुलाचं अवलंबित्व संपतं, म्हणजे कॉलेजच्या मधल्या वर्षांतच. या आईवडिलांना प्रवेश आणि फी यांच्याबरोबर तिसऱ्या उत्तराचीही वाट पाहावी लागते.

दुसरा प्रकार पुण्या-नाशिकहून अर्ज करणाऱ्यांचा. पदवीसाठी परदेशी विद्यार्थ्याची ऐपत न पाहता प्रवेश देणारी आणि पूर्ण गरज भागवणारी कॉलेजं जेमतेम दहाच्या आसपास आहेत: हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, अ‍ॅमहर्स्ट, डार्टमथ, बोडन अशी. बाकी ठिकाणी मदत मागितली की निवडीची शक्यता घटते. पण ‘आधी प्रवेश मिळू दे, मदत नंतर मागू’ असं ठरवणं धोक्याचं आहे, कारण अनेक कॉलेजं परदेशी विद्यार्थ्याला नंतर मदतीचा अर्ज करू देत नाहीत. व्हिसासाठी लागणारा आय-२० देण्याआधी कॉलेज पहिल्या वर्षाच्या पैशांचा पुरावा मागतं. त्यात रुपयाची घसरण येतेच. वर्षाला ५०,००० डॉलर लागत असतील, तर डॉलर एका रुपयाने महागला की घराचा खर्च वर्षाला ५०,००० रुपयांनी वाढतो.

रक्कम आधी कळण्याचं आपल्याकडे एक मोठं उदाहरण आहे. १९१३ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात गेले, ते महाराजा सयाजीराव गायकवाडांची शिष्यवृत्ती घेऊन. दरमहा साडेअकरा पौंड, तीन वर्षं. रक्कम मोठी नव्हती आणि तिच्यासोबत बडोद्याच्या नोकरीची अट होती. पण बोटीत पाय ठेवण्याआधी रक्कम आणि मुदत दोन्ही ठाऊक होत्या. पुढे शिष्यवृत्ती संपल्यावर १९१७ मध्ये लंडनचं शिक्षण अर्धवट टाकून त्यांना परतावं लागलं. एवढ्या मोठ्या बुद्धीलाही मदतीच्या मुदतीपुढे थांबावं लागलं, ही गोष्ट शिक्षणावर पैसा खर्च करणाऱ्या प्रत्येक सरकारने लक्षात ठेवावी.

आधी सांगितलं तर

मग उपाय काय? अधिक पैसा हवाच. पण असलेला पैसासुद्धा लवकर आणि स्पष्ट शब्दांत सांगितला, तर त्याचा परिणाम किती वाढतो, हे दोन प्रयोगांनी दाखवलं आहे.

पहिला मुख्यतः ओहायोतला, २००८ चा. एच अँड आर ब्लॉक या कंपनीच्या कार्यालयांत कर भरायला आलेल्या अल्प उत्पन्नाच्या कुटुंबांना तिथेच, काही मिनिटांत, फॅफ्सा भरून दिला गेला. त्या घरांतल्या बारावीच्या मुलांपैकी पुढे दोन वर्षं कॉलेजात टिकलेल्यांचं प्रमाण २८ टक्क्यांवरून ३६ टक्क्यांवर गेलं. ज्यांना नुसती माहिती दिली, फॉर्म भरायला मदत केली नाही, त्यांच्यात काही फरक पडला नाही.

दुसरा मिशिगनचा. अर्थतज्ज्ञ सुसान डायनार्स्की आणि सहकाऱ्यांनी २०१५ पासून राज्यातल्या हुशार पण गरीब घरच्या मुलांना पत्रं पाठवली: मिशिगन विद्यापीठात निवड झाली तर चार वर्षांची फी माफ, त्यासाठी मदतीचा कोणताही फॉर्म भरायला नको. ही मुलं नेहमीच्या मार्गाने गेली असती, तरी त्यांना बहुधा एवढीच मदत मिळाली असती. बदलली ती फक्त वेळ आणि खात्री. पत्र न मिळालेल्यांपैकी २६ टक्के मुलांनी अर्ज केला. मिळालेल्यांपैकी ६८ टक्क्यांनी. प्रवेश घेणाऱ्यांचं प्रमाण १२ वरून २७ टक्क्यांवर गेलं. त्याच पैशात दुपटीहून अधिक मुलं त्या दारातून आत आली. म्हणजे इतकी वर्षं ती बाहेर राहत होती, ती बुद्धी कमी पडली म्हणून नव्हे. उत्तर उशिरा मिळत होतं म्हणून.

इंडियाना राज्य १९९० पासून अल्प उत्पन्नाच्या घरातल्या सातवी-आठवीच्या मुलांनाच फीचं आश्वासन देतं. मिशिगनमधल्या कॅलमाझू शहरात नोव्हेंबर २००५ मध्ये नाव जाहीर न करणाऱ्या दात्यांनी घोषणा केली की, शहराच्या सार्वजनिक शाळांतून शिकलेल्या मुलांची राज्यातल्या सरकारी कॉलेजांची फी ते भरतील. बालवाडीपासून तिथे शिकलेल्यांची पूर्ण, नंतर आलेल्यांची काही प्रमाणात. त्यासाठी घराची मिळकत सांगायची नाही. अलीकडे एमआयटी आणि हार्वर्डनेही वर्षाला दोन लाख डॉलरपेक्षा कमी मिळकतीच्या घरांना फी माफ, असा सरळ आकडा जाहीर केला आहे. अटी आहेतच, पण नववीतल्या मुलीच्या आईला तो आकडा आज कळतो.

कॅलमाझूतल्या आईवडिलांनाही मार्चमध्ये पहिल्या उत्तराची वाट पाहावी लागते. मुलाला घेतलं का, ही धाकधूक कुणाला चुकत नाही, आणि स्पर्धा आहे तोवर ती राहणार. दुसरं उत्तर मात्र त्यांना मूल पहिलीत असल्यापासून माहीत असतं. पैशाची ही वाट निसर्गनियम नाही. माणसांनी चांगल्या हेतूने उभ्या केलेल्या व्यवस्थेचा तो दुष्परिणाम आहे, आणि माणसांनाच तो दूर करता येतो. मदत देणाऱ्या प्रत्येक सरकारला, विद्यापीठाला, ट्रस्टला, मग ते मिशिगनमधलं असो की महाराष्ट्रातलं, एवढंच विचारायला हवं: तुम्ही जे देणारच आहात, ते मुलाने स्वप्न सोडून देण्याआधी का सांगत नाही?